शुद्ध शाकाहारी पाणबुडी

३ मार्च, रविवार

आज मेव्हण्यानं विमान उभं केलं.

मेव्हणा म्हणजे श्रीशैल, आमच्या शांतम्माचा धाकटा भाऊ. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, नळदुर्ग यायच्या आधी डाव्या अंगाला माझा ढाबा अन् उजव्या अंगाला त्याचा. मधी रस्ता. माझा ढाबा वीस वर्षांचा, त्याचा दीड वर्षाचा. त्याच्या हाताला चव न्हाय, त्याच्या आचाऱ्याच्या हाताला तर त्याहून न्हाय, म्हणून ह्यानं पत्र्याचं विमान आणून दारात ठेवलं. पंखाखाली टेबलं, पंखावरबी टेबलं. सकाळपास्नं गाड्या थांबायल्यात, माणसं शेपटीला हात लावून फोटू काढायलेत. एका म्हाताऱ्यानं तर चपला काढून नमस्कार केला.

शांतम्मा चुलीम्होरं बसून म्हणली, "बरं झालं की. पोरगं कायतरी करायलंय."

"पोरगं म्हणं! बेचाळीस वर्षांचा घोडा हाय त्यो."

ती हसली. मला मात्र जेवण गेलं न्हाय. गिऱ्हाईक आपल्याकडंबी होतं, खोटं कशाला लिहू. दुपारी चौदा ट्रक उभे होते. पण डायवर लोक काय, हौदावर अंघोळ करतेत, लिंबाखाली खाटेवर बसून शांतम्माच्या भाकरी हाणतेत, अन् जातेत. त्यांचा फोटू कोण काढतंय?

विमानाला उत्तर द्यायचं. ठरलं.

४ मार्च, सोमवार

रेल्वेचा डबा चालला असता, पण तो उमरग्याकडं एकानं आधीच केलाय म्हणतेत. किल्ला करावा तर खरा किल्ला गावात उभा हाय, त्यालाच कोण विचारत न्हाय. मग सकाळी दात घासताना डोक्यात आलं. पाणबुडी!

बजरंग वेल्डरला बोलावलं. हा नळदुर्गात ट्रॉल्या अन् गेट करतो, हात चांगला हाय, तोंड वाईट.

"मालक, आपल्या जिल्ह्यात पाणबुडी?"

"म्हणून तर."

"आपल्याकडं प्यायचं पाणी टँकरनं येतंय."

"अरे येड्या, मुंबईला पाणबुडी ठेवली तर कोण थांबंल? जिथं पाणी न्हाय तिथंच तिचं नवल."

त्यानं मान हलवली. पटलं का न्हाय कळलं न्हाय, पण माप घेऊन गेला. शांतम्माला सांगितलं तर ती एवढंच म्हणली, "साकु." कानडीत साकु म्हणजे पुरे. तिचं माहेर अक्कलकोटकडचं. राग आला की ती कानडीत बोलती, लई राग आला की बोलतच न्हाय.

१० मार्च, रविवार

आमची लेक शिवांजली पुण्याला कॉलेजात इंग्रजी शिकवती. तिला फोन लावला, म्हणलं, एखाद्या नामांकित पाणबुडीची माहिती धाड, दारात बोर्ड लावायचाय.

तिनं आधी आईचंच विचारलं, "अप्पा, अव्वा काय म्हणती?"

"अव्वा काय म्हणणार? ती खूश हाय."

"बरं. एका पाणबुडीचा नोकरीचा सगळा इतिहास धाडते. हप्त्या-हप्त्यानं मराठीत करून. पण बोर्ड लावायच्या आधी शेवटपर्यंत वाचा."

पहिला हप्ता आला. अमेरिकेच्या नौदलाची पाणबुडी, त्यांच्या अगदी पहिल्या पाच-सात पाणबुड्यांतली. १९०१ साली पाण्यात सोडली. नाव पोर्पॉईज. डॉल्फिनच्या भावकीतलं जनावर असतं म्हणे. लांबी चौसष्ट फूट, आत सात माणसं, पुढं एकच टॉर्पेडोनळी. वर पेट्रोलचं इंजिन, पाण्याखाली बॅटरी.

छाती भरून आली. शिवांजलीनं असंबी सांगितलं की जहाजावर रोजची नोंद ठेवतेत, मोजक्या शब्दांत, जे घडलं तेवढंच. त्याला लॉग म्हणतेत. आजपास्नं बियाण्याच्या दुकानातली ही फुकटची डायरी म्हणजे आपला लॉग.

१४ मार्च, गुरुवार

लॉग: ढोकीच्या एका भंगारवाल्याकडून टँकर आला. एकेकाळी साखर कारखान्याची मळी वाहायचा.

आता मोजक्या शब्दांत बसंना, म्हणून लिहितो. क्रेनवाला म्हणला, ठेवायचा कुठं? रस्त्यावरनं दिसंल अशी जागा एकच, लिंबाच्या म्होरं. तिथं हौद होता. म्हणलं, फोडा हौद.

शांतम्मा पिठाच्या हातानंच बाहेर आली. "हौद फोडायलाव व्हय?"

"दुसरी जागा हाय का?"

"डायवर लोकांनी अंघोळ कुठं करायची?"

"अगं, ते काय अंघोळीला येतेत का? जेवायला येतेत. घरी करतील की अंघोळ."

"घर चार दिवसांवर असतंय त्यांचं."

पहिल्या वर्षी हा हौद तिनंच हट्टानं बांधून घेतलता. शिवांजली तेव्हा पाच-सात वर्षांची, विटा द्यायला हातभार लावायची. सगळं मान्य. पण जुन्याला धरून बसलं तर पुढं कसं जायचं? दोन तासांत हौद भुईसपाट. विटा बऱ्या निघाल्या. शांतम्मानं श्रीशैलला हाक मारली, त्यो टेम्पो घेऊन आला अन् सगळ्या भरून नेल्या. न्या म्हणलं. भंगार गेलं तेवढं बरं.

टँकरला गुळचट वास येतोय. भंगारवाला धुऊन देतो म्हणलता, पण त्याच्याकडं धुवायला पाणी न्हाय, म्हणून तसाच आणला. वास जाईल दोन दिवसांत.

२६ मार्च, मंगळवार

वास गेला न्हाय. मुंगळे आले.

बजरंगचं काम जोरात हाय. एका टोकाला दार कापलं, वर पाइपाला बाक देऊन दुर्बीण केली, आतून बघितलं की थेट आभाळ दिसतं. त्यानं विचारलं, "आभाळात काय बघायचं?" म्हणलं, "विमान."

शिवांजलीचा दुसरा हप्ता. १९०४ साली आपली पाणबुडी खाली जायला लागली ती थांबंचना, सव्वाशे फूट गेली. हवेच्या दाबानं पाणी बाहेर निघंना. शेवटी माणसांनी हातपंप मारून मारून ते काढलं, तेव्हा वर आली. काय एकेकाचं नशीब असतं! आपल्याकडं सव्वाशे फुटावर पाणी लागत न्हाय म्हणून बोअर वाया जातेत, अन् ह्यांना नको तिथं लागलं.

मी हा भाग बोर्डावर असा घेतला: 'सव्वाशे फूट खोल जाण्याचा विक्रम.'

९ एप्रिल, मंगळवार. पाडवा

दुर्बिणीलाच गुढी बांधली. जगात कुठल्या पाणबुडीवर गुढी उभी राहिली नसंल.

रंग काळा दिलाय. शांतम्मा म्हणली, "काळ्या पत्र्याला ऊन लई लागतंय, आत माणूस भाजून निघंल." म्हणलं, खरी पाणबुडी काळीच असती, गुलाबी असती का?

दुपारी लिंबाजी आला. हा भूम तालुक्यातल्या ईटचा, ट्रकनं हैदराबादला कांदा नेतो, अठरा वर्षं आपल्याकडंच थांबतो. खांद्यावर टॉवेल, हातात साबण, लिंबाभोवती तीन चकरा मारल्या.

"मालक, पाणबुडी आली, पर पाणी कुठं गेलं?"

"लिंबाजी, काळ बदलला."

"काळ बदलला, पर अंगाचा घाम त्योच हाय की."

शांतम्मानं मोरीतली बादली त्याला दिली. तो मागं जाऊन अंघोळ करून आला, जेवला अन् गेला. आपल्याला काय, जुनी माणसं नव्याला नाकं मुरडणारच.

१८ एप्रिल, गुरुवार

आज लिंबाजीचा ट्रक रस्त्याच्या पलीकडं उभा. पंचावन्न वर्षांचा माणूस, पण विमानाला भुलला. आपल्या दारात आज पाच ट्रक.

श्रीशैलनं विमानाच्या मागं कसलंतरी बांधकाम काढलंय. धावपट्टी असंल. त्याच्या डोक्याचा काय भरवसा?

२४ एप्रिल, बुधवार

तिसरा हप्ता, अन् हा वाचून जरा खट्टू झालो. १९०८ साली आपली पाणबुडी फिलिपाइन्सला मनिलाला गेली. पण कशी? कोळशाच्या जहाजावर चढवून! म्हैस टेम्पोत घालून बाजारला न्यावी तशी. शिवांजलीला फोन करून म्हणलं, एवढ्या पाणबुड्यांत तुला हीच सापडली का?

"अप्पा, पुढचं वाचा, चांगलं हाय."

चांगलंच होतं. मनिलाला एका जवान अधिकाऱ्याच्या डोक्यात आलं, बुडालेल्या पाणबुडीतनं माणूस बाहेर निघू शकतो का बघू. गडी टॉर्पेडोनळीत शिरला, आतलं झाकण लावून घेतलं, बाहेरचं उघडायला लावलं. दीड मिनिटाच्या आत बाहेर! नळी किती रुंद, तर दीड फूट. अन् लॉगमधी नोंद काय केली, तर अमका टॉर्पेडोनळीतनं बाहेर गेला, बोट पाण्यात नेहमीच्या स्थितीत. बास. एवढा पराक्रम अन् एका ओळीत खलास. लिहावं तर असं.

बजरंगला सांगून टाकीच्या तोंडाला दीड फुटी पाइप आरपार बसवून घेतला. म्हणलं, संकटकाळी बाहेर पडायचा मार्ग. त्यानं माझ्या पोटाकडं बघितलं अन् वेल्डिंगचा चष्मा लावला.

१० मे, शुक्रवार. अक्षय तृतीया, बसव जयंती

उद्घाटन झालं. झालं एकदाचं.

निवडणूक होऊन तीन दिवस झालते, त्यामुळं साहेब मोकळे होते. कुठले साहेब ते लिहीत न्हाय, सगळे साहेब सारखेच. अकराची वेळ दिली, दीडला आले. शांतम्मानं दोनशे माणसांचा सैपाक केलता: कडक भाकरी, झुणका, शेंगापोळ्या, येसराची आमटी. पहाटे चारपास्नं राबत होती.

साहेबांचं भाषण जोरदार झालं. म्हणले, "मराठवाड्यावर कायम अन्याय झाला. समुद्र दिला, तो सगळाच्या सगळा कोकणाला दिला! आपल्या वाट्याला एक थेंब न्हाय! समुद्राचा हा अनुशेष आम्ही भरून काढू." टाळ्या. श्रीशैलबी टाळ्या वाजवत होता, पाहुण्यासारखा.

मग साहेब आत शिरले. बाहेर बेचाळीस डिग्री होतं. आत किती ते देव जाणे. दोन पंखे गरम हवा इकडनं तिकडं टाकत होते. उन्हानं सांध्यातली जुनी मळी पाझरायला लागली, दारूच्या भट्टीसारखा वास सुटला. साहेब बाकावर बसले, ताट आलं, अन् पहिला घास तोंडात जायच्या आत साहेब उठून नाचायला लागले. पांढऱ्या पायजम्यात मुंगळे! चार मिनिटांत सगळे बाहेर. आमचा लोटा उपडा, ताट उपडं.

साहेबांचा माणूस मला म्हणला, "प्रकल्प चांगला हाय, पण साहेबांना आत घ्यायला नको होतं."

अन् सगळा ताफा जेवायला कुठं गेला? विमानाच्या पंखावर.

शांतम्मानं दोनशे माणसांचा सैपाक श्रीशैलच्या टेम्पोत भरला अन् पलीकडं नेऊन वाढला. माझ्या उद्घाटनाचं जेवण, त्याच्या विमानात! अन्न वाया जाऊ द्यायचं न्हाय, म्हणली. ह्याला घरभेदीपणा म्हणतेत.

१४ मे, मंगळवार

सकाळी भांडण झालं. ती म्हणली, टाकी काढा, हौद बांधा, डायवर लोक येतील. मी म्हणलं, तुझं हौद-हौद बंद कर. ती म्हणली, चार दिवसांत एक ट्रक थांबला न्हाय, माझ्या भाकरी गाईला घालायलेय. मग माझ्या तोंडनं गेलं, "भाकरीचं काय एवढं? भाकरी कोणबी थापतंय. लोक येणार ते पाणबुडी बघायला."

ती साकुबी म्हणली न्हाय. हात धुतले, पदराला पुसले, तिची पीठ मळायची लाकडी काठवट, आईनं दिलेली, काखेत मारली अन् रस्ता ओलांडून गेली. जाताना दोन्हीकडच्या गाड्या नीट बघितल्या. एकदाबी मागं बघितलं न्हाय. माहेर चाळीस पावलांवर असलं की बायकांना असंच सुचतं.

लॉग: शांतम्मा गेली. ढाबा नेहमीच्या स्थितीत.

१७ मे, शुक्रवार

नवा आचारी ठेवलाय. त्याची भाकरी जमिनीवर पडली, तुटली न्हाय, फरशीला मात्र तडा गेला.

आजचं गिऱ्हाईक: लगीन ठरलेलं एक जोडपं, फोटूवाल्यासकट. टॉर्पेडोनळीतनं एकमेकांना गुलाब देत फोटू काढले, पाणी प्याले अन् पलीकडं जेवायला गेले.

चौथा हप्ता. १९११ साली आपल्या पाणबुडीचं नावच काढून घेतलं अन् नुसता नंबर दिला, ए-सहा. पुढं पहिलं महायुद्ध लागलं. आता तरी टॉर्पेडो मारंल म्हणून मी उठून बसलो. तर मनिलाच्या खाडीच्या तोंडाशी पहारा! शिवांजलीला विचारलं, किती शत्रू मारले? म्हणली, "ह्यात तर एकबी लिहिलेला न्हाय, अप्पा."

मीबी दिवसभर दाराच्या तोंडाशी बसून असतो. कोण येत न्हाय.

२० मे, सोमवार

श्रीशैलकडं दुपारी बावीस ट्रक मोजले. एक गोष्ट कळंना. विमानाच्या मागनं डायवर लोक ओल्या डोक्यानं बाहेर येतेत, केस निथळत असतेत. म्हणजे विमानात माझ्या पाणबुडीपेक्षा जास्त उकडत असणार. तरी जातेत! लोकांना विमानाचं येड लागलंय, दुसरं काय?

खरं लिहायचं तर करमत न्हाय. मधी एवढा मोठा रस्ता, एवढ्या गाड्या, तरी भाकरी थापल्याचा आवाज येतो असं वाटतंय. वीस वर्षं तो आवाज ऐकत मी गल्ल्यावर पेंगायचो. आता झोपबी येत न्हाय अन् जाग आल्यासारखंबी वाटत न्हाय. एकदा ती पंखाखाली उभी राहून इकडं बघत होती. मी लगेच दुर्बिणीतनं बघायला आत पळालो, तर दुर्बिणीत आभाळच दिसलं.

२३ मे, गुरुवार

शेवटचा हप्ता. १९१९ ला आपली पाणबुडी कामावरनं काढली. पुढं तिचं काय केलं, तर निशाण्याला वापरायला दिली. तिच्याच नौदलाला नेमबाजी शिकायला! अठरा-वीस वर्षं नोकरी, त्यात एकदा बुडाली, एकदा दुसऱ्याच्या पाठीवर बसून गेली, नाव गेलं, नंबर उरला, अन् शेवटी घरच्यांनीच गोळे मारले.

शिवांजली फोनवर म्हणली, "हे बोर्डावर लिहिणार का?"

"जागा संपली बोर्डावरची."

"अव्वाला फोन द्या."

"कामात हाय."

"अप्पा, अव्वा मला रोज मामाच्या नंबरवरनं फोन करती."

मी म्हणलं, गिऱ्हाईक आलंय, अन् ठेवला. गिऱ्हाईक कुठलं? आचारीबी काल पळून गेला.

२८ मे, मंगळवार

आज मोजक्या शब्दांत भागायचं न्हाय.

दुपारी दोनला मुंगळे झाडायला टाकीत शिरलो. पाखरूबी बाहेर पडायचं न्हाय एवढं ऊन. वाऱ्यानं दार आपटलं अन् बसलं. उन्हानं लोखंड फुगलेलं, दार काय हलंना. लाथा घातल्या, खांदा मारला. मोबाइल बाहेर गल्ल्यावर. पळ्यानं टाकी वाजवली, ओरडलो. कोण ऐकणार? माझ्याकडं माणूस होतं कुठं? अंगाची लाही लाही, तोंडाला कोरड, अन् मळीच्या वासानं गरगरायला लागलं. वाटलं, मल्लिकार्जुना, संपलास. बेचाळीस डिग्रीत कोरडा बुडून मेलास.

मग नळी आठवली. मनिलाचा गडी दीड मिनिटात निघाला होता. शर्ट काढला अन् घुसलो. डोकं निघालं, हात निघाले, छाती निघाली, अन् पोटाला गच्च बसलो. ना म्होरं ना मागं. पाणबुडीच्या तोंडातनं मी अर्धा बाहेर, हैदराबादच्या दिशेनं, पत्र्याचे चटके बसतेत, म्होरनं ट्रक हॉर्न देत चाललेत. पलीकडं पंखावरच्या लोकांनी मोबाइल काढले. वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या ढाब्याचे एवढे फोटू निघाले.

शांतम्मा दिसली. पीठ लागलेला हात वर करून तिनं कंटेनर थांबवला, दोन ट्रक थांबवले, अन् पळत आली. तिला पळताना मी लग्नापास्नं बघितली नव्हती.

"शिवांजलीचे अप्पा! अय्यो, जीव हाय का?"

"हाय," म्या म्हणलं. "पोट अडकलंय."

तिनं ओरडून शेंगतेलाचा डबा मागवला, माझ्या कमरेभोवती ओतला. एका हाताला श्रीशैल, एका हाताला लिंबाजी. "दाजी, श्वास सोडा," श्रीशैल म्हणला. ओढला. कातडं सोललं, पण निघालो, धपकन खाली पडलो.

तिनं मला धरून रस्ता ओलांडला, विमानाच्या मागं नेलं. तिथं धावपट्टी नव्हती. हौद होता. माझाच हौद, त्याच विटांचा, तेवढाच लांब, तेवढाच रुंद. काठावर पाच-सहा डायवर साबण लावत बसलेले. मी बघतच राहिलो. बावीस ट्रक, ओली डोकी. एवढे दिवस मी विमानावर जळत होतो.

शांतम्मानं माझ्या डोक्यावर तांब्या ओतला. दुसरा ओतला. ती रडत होती अन् शिव्याबी देत होती, कानडीत, म्हणून सगळ्या कळल्या न्हायत.

म्या म्हणलं, "भाकरी कोणबी थापतंय, हे खोटं होतं. मला तुझ्याबिगर करमत न्हाय."

सगळे साबण लावायचे थांबले. लिंबाजी म्हणला, "मालक, आमाला वाटलं तुमी पाणबुडीशीच लगीन लावलंय."

शांतम्मानं तिसरा तांब्या लिंबाजीच्या डोक्यावर ओतला. मग मला म्हणली, "आधी अंग पुसा."

६ जून, गुरुवार

ती परत आली, पण अट घालून. "ती टाकी बसायची न्हाय, पाण्याची करा. अन् चूल माझी, गल्लाबी माझा."

आठ दिवस बजरंग अन् मी टाकी धुवायलोय. सोडा टाकून तीनदा. दार कायमचं वेल्ड केलं. वर मोठं तोंड कापलं, पाणी भरायला. टॉर्पेडोनळीवर झाकण बसवलं अन् त्याला एकाखाली एक चार नळ. काळ्यावर पांढरा रंग दिला, मीच दिला, कुणी सांगायच्या आधी. श्रीशैल आपल्या बोअरची नळी घेऊन आला, म्हणला, दाजी, दिवसाआड मी भरत जाईन. मी त्याला चहा पाजला. विमान बरं हाय त्याचं, असंबी म्हणलो. एकदाच म्हणलो.

आज सकाळी पहिलं पाणी. लिंबाजीनं पहिली अंघोळ केली, चारी नळ सोडून, राजासारखी. दुपारी लिंबाखाली नऊ ट्रक.

एक मात्र इथं लिहून ठेवतो. शेवटी ढाबा पाणबुडीनंच तारला. हे कोण मान्य करत न्हाय.

७ जून, शुक्रवार

आज शांतम्मानं ही डायरी वाचली. पाण्याची पाळी लिहायला कागद हुडकत होती. ती मराठी सावकाश वाचती, बोट ठेवून. तासभर वाचत बसली, मधी दोनदा हसली. 'घरभेदीपणा'वर थांबली, माझ्याकडं बघितलं, पुढं गेली.

मग १४ मेच्या पानावर बोट ठेवून तिथंच थांबली.

"हे काय लिहिलंय? 'शांतम्मा गेली. ढाबा नेहमीच्या स्थितीत.'"

"ते लॉगमधी तसंच लिहायचं असतंय."

"असा होता का ढाबा? नेहमीसारखा?"

मी डायरी मिटायला गेलो, तिनं बोट काढलं न्हाय.

"खरं लिहा," ती म्हणली, अन् पेन माझ्या हातात देऊन भाकरी थापायला गेली.

लॉग, १४ मेची दुरुस्ती: शांतम्मा गेली. ढाबा सव्वाशे फूट खाली गेला. हातपंप मारायला आत कोण नव्हतं.